मोड परत देणं हाच खरा अभ्यास

लहान मुलांना मोजणी आणि पैशांचे व्यवहार दुकान-दुकान खेळातून शिकवावेत, असं एका लेखात वाचलं आणि ते मनापासून पटलं. फक्त छापील खोट्या नोटांऐवजी खरी नाणी द्या, असं आग्रहाने सांगेन. (तोंडात घालायच्या वयाच्या मुलांना मात्र नाणी नकोत.) पुण्यात आता मंडईत भाजीच्या गाळ्यांवरसुद्धा क्यूआर कोड दिसतो. मोड मोजून देणं-घेणं मुलांच्या नजरेला पडतच नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलासमोर एक रुपयाची पाच नाणी आणि पाचाचं एक नाणं ठेवून विचारा, जास्त पैसे कुठे? पुष्कळ मुलं पाच नाण्यांकडे बोट दाखवतात. ती नाणी मोजत असतात, किंमत नव्हे. म्हणून सुरुवातीला सगळ्या वस्तू एक ते पाच रुपयांच्याच ठेवाव्यात आणि फक्त एकेकाची नाणी वापरावीत. पाचाचं नाणं नंतर आणावं, तेही शेजारी पाच सुट्टे मांडून.

मोड परत देण्यात तर गणित ठासून भरलंय. तेरा रुपयांची मेथी, गिऱ्हाइकाने वीस दिले. दुकानदार वजाबाकी करत बसत नाही, तेरापासून पुढे मोजतो: चौदा, पंधरा, आणि हे पाच, झाले वीस. मुलांनाही हीच पद्धत सोपी जाते, वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर हे आपोआप कळतं. त्यामुळे दुकानदार मुलालाच करा, गिऱ्हाईक आपण व्हावं. आणि घासाघीस जरूर करा, मुलांना ती फार आवडते!