हळू बोल, वेटर आपलाच आहे

नवरा-बायकोनं हॉटेलात जायचं ते जेवायला नव्हे, असं माझं जुनं मत आहे. जेवण घरीही होतं, आणि बहुतेक वेळा बरंच होतं. हॉटेलात जायचं ते नावं ठेवायला. घरच्या आमटीला नावं ठेवली तर त्याचे परिणाम आठवडाभर ताटात दिसतात. हॉटेलच्या आमटीला ठेवली की दोघांचं एकमत होतं, आणि संसारात एकमताचे प्रसंग काही रोज येत नाहीत. मी बिल भरतो ते त्या एकमताचं. फक्त त्यासाठी एक सोय लागते: आपण काय बोलतोय ते हॉटेलवाल्याला कळता कामा नये. सोलापुरात नेमकी तीच सोय नाही.

माझी बायको इंडीची. इंडी म्हणजे भीमेच्या पलीकडं, विजापूर जिल्ह्यात. तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे, कारण ती ते पुस्तकातून शिकली आणि मी सोलापुरातल्या विजापूर वेशीत. माझं कानडी बाजारापुरतं. भाव करता येतो, भांडता येत नाही. लग्न ठरलं तेव्हा एक मित्र म्हणाला, "नशीबवान हैस बे, चारचौघांत बोलायला गुप्त भाषा मिळाली." हे तो माझ्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर म्हणाला आणि पुढची पंधरा मिनिटं त्यांच्याशी फाडफाड कानडीत बोलत बसला. गुप्ततेचं भवितव्य मला तिथंच कळायला हवं होतं.

सोलापूरचा घाटच तसा आहे. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकात त्यांनी वचनं रचली ती कानडीत. 1877 साली इथं पहिली कापड गिरणी निघाली. पुढं गिरण्या आणि माग वाढत गेले तसे तेलंगणातले पद्मशाली विणकर येऊन पूर्व भागात वसले, ते तेलुगू घेऊन. शिवाय मोहल्ल्यांतली दख्खनी. त्यामुळं इथं वाढलेल्या माणसाला अडीच-तीन भाषा काही न शिकता येतात. हे भाषणात फार छान वाटतं. टेबलावर बसून सांबाराबद्दल कुजबुजायचं असतं तेव्हा कळतं, गंगाजमनी संस्कृती किती गैरसोयीची असते ते.

सांबारचंच सांगतो. स्टेशनच्या बाजूचं एक हॉटेल, सकाळची वेळ, इडली-वडा. बायकोनं पहिला चमचा घेतला आणि चेहरा जराही न हलवता, माझ्याकडं बघत म्हणाली, "सांबारदाग उप्पे इल्ल." मी हूं म्हणायच्या आत पलीकडचं टेबल पुसणारा पोरगा म्हणाला, "उप्पु तरतिनि अक्का," आणि मिठाची वाटी घेऊन हजर. अक्का लाजली. लाजली म्हणून तिनं पुढचं वाक्य मराठीत बोललं, "अहो, चटणीपण आंबलीय वाटतं." तेवढ्यात गल्ल्यावरचे मालक हसून म्हणाले, "आंबली नाही वहिनी, दह्यातली हाय." मालकांच्या मागं भिंतीवर पद्मशाल्यांच्या मार्कंडेय महामुनींचा फोटो होता, त्यामुळं तेलुगूचीही वाट बंद. तसंही आमच्या दोघांचं तेलुगू 'बागुन्नारा'पाशी संपतं, आणि तेवढ्या भांडवलावर चटणीला नावं ठेवता येत नाहीत.

मग आम्ही मोबाइलवर आलो. समोरासमोर बसायचं आणि एकमेकांना मेसेज टाकायचे. ही कल्पना तिची. एका रात्री मुरारजी पेठेकडल्या एका फॅमिली हॉटेलात आम्ही असे बसलो होतो. पनीरच्या भाजीला लाल रंग होता, चव नव्हती. तिनं लिहिलं, "हे पनीर आहे की खोडरबर?" मी लिहिलं, "खोडरबरानं निदान काहीतरी पुसलं जातं." ती मान खाली घालून हसली, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. मीही मान खाली घालून. काउंटरवरचे वयस्क गृहस्थ हे बराच वेळ बघत असावेत. बडीशेपची वाटी स्वतः घेऊन आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे ओ. भांड्याला भांडं लागतंच. बोलून घ्या, जेवताना अबोला धरू नये." पाठोपाठ दोन गुलाबजाम आले, हॉटेलतर्फे. आता ज्या माणसानं आपला संसार सावरण्यासाठी गुलाबजाम पाठवले, त्याच्या पनीरला नावं कुठल्या तोंडानं ठेवायची? गुलाबजाम चांगले होते हा आणखी एक अडथळा.

तसं सोलापुरातल्या फॅमिली हॉटेलांत खायला काय मिळतं हा प्रश्न विचारू नये. मेनूकार्ड आठ पानी असतं आणि त्यात पनीर एवढ्या नावांनी येतं की शेवटी वेटरच म्हणतो, "साहेब, ग्रेव्ही लाल पाहिजे का पिवळी एवढं सांगा." खरी मजा मेनूकार्डाबाहेर, टेबलावर न मागता ठेवलेल्या वाटीत असते. शेंगाचटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसणाचा वास येणारी. ढाब्यावर गेलात तर सोबत कडक भाकरी येते, पापडासारखी पातळ, आठवडा-आठवडा टिकणारी. ती मोडताना आवाज होतो, आणि आम्हा नवरा-बायकोला हा आवाज फार उपयोगी पडतो. एकानं भाकरी मोडायची, त्या कडकड आवाजात दुसऱ्यानं वाक्य उरकायचं. "रस्सा... कडाक्... पातळ... कडाक्... कालचा." अख्खी तक्रार करायची तर भाकरी फार लागते, आणि भाकरीचे पैसे वेगळे.

आमचा खरा वाद चवीचा नाही, हद्दीचा आहे. बायकोच्या मते जगातलं चांगलं खाणं भीमा ओलांडली की सुरू होतं. मी एकदा सरकारी पुराव्यानिशी उतरलो. म्हटलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापूरच्या डाळिंबाला आहे, सोलापुरी चादरीला आहे. ती म्हणाली, "इंडीच्या लिंबालापण आहे. आणि चादर खातात का?" नंतर भाजीत लिंबू पिळताना माझ्याकडं बघून जरा जास्तच पिळलं.

2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर आणि अक्कलकोट कर्नाटकात यायला हवं असा सूर लावला. इकडं निदर्शनं झाली, एसट्या अडल्या, वर्तमानपत्रांचे मथळे मोठे झाले. आमच्या घरात मी संतापानं बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. बायको ओट्यापाशी होती. शांतपणे म्हणाली, "आले तर सांबार सुधारेल." त्या दिवशी मी महाराष्ट्राच्या वतीनं चहा घेतला नाही. संध्याकाळी घेतला.

तर अशी ही बाई मला अधूनमधून रविवारी सीमापार जेवायला नेते. विजापूर इथून शंभर किलोमीटर. 2014 पासून त्याचं नाव सरकारदरबारी विजयपूर झालंय, पण आमचा विजापूर रोड आणि विजापूर वेस होती तिथंच आहेत. मीही तयार होतो, कारण पलीकडं पेट्रोल थोडं स्वस्त पडतं. जाताना टाकी रिकामी न्यायची आणि येताना पोट आणि टाकी दोन्ही भरून आणायचं, असा माझा हिशेब. हत्तूर, तेरामैल, टाकळी अशी गावं मागं पडतात, भीमेचा पूल येतो आणि धूळखेडला पाट्यांची लिपी बदलते. बाकी काहीच बदलत नाही. तीच काळी जमीन, तोच ऊस, तीच बाभळ. बायको मात्र पूल ओलांडताच सीटवर ताठ बसते आणि काच खाली करते. म्हणते, "हवा बघा." हवेला उसाच्या ट्रॅक्टरचा डिझेलचा वास असतो. मी बघतो.

मला या प्रवासाचं मोठं आकर्षण म्हणजे पलीकडं गेल्यावर मराठी ही गुप्त भाषा होईल, अशी आशा. ही आशा झळकी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर संपली. मी मराठीत म्हटलं, "पाणचट आहे गं." टपरीवाला म्हणाला, "दुसरा करू का ओ? सोलापूरचे का? माझी बहीण दिलीया अक्कलकोटात." 1956 च्या नोव्हेंबरापर्यंत हा सगळा भाग एकाच मुंबई राज्यात होता. राज्यं वेगळी झाली, सोयरिकी कुणी वेगळ्या केल्या नाहीत. परिणामी दोन्ही जिल्ह्यांत मिळून मला चहाला पाणचट म्हणायला जागा नाही.

विजापुरात आम्ही जातो ती खानावळ गल्लीत आहे. स्टीलचं ताट. त्यात ज्वारीची रोट्टी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, मोडाची उसळ, मेथीची कच्ची पानं, कांदा, काकडी, शेंगांची हिंडी, कारळाची हिंडी, दही. मी ताटाकडं बघितलं. भाकरी, वांगं, शेंगाचटणी, कारळाची चटणी. हे सगळं माझी आई घरी करते. तेही बसल्या जागी, टोलशिवाय. मी तसं म्हणालो. बायकोनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी तिच्या माहेरच्या देवाला धोंडा म्हटलं असावं. "भाकरी वेगळी, रोट्टी वेगळी," ती म्हणाली. काय वेगळं ते सांगितलं नाही. खाऊन बघितलं. खरं सांगायचं तर वांगं आईपेक्षा चांगलं होतं, जरा खारट होतं इतकंच. यातलं पहिलं वाक्य घरी बोलता येत नाही आणि दुसरं खानावळीत.

खानावळीतली खरी परीक्षा वाढप्याची. तो बोलत नाही, फक्त मागं येऊन उभा राहतो आणि ताटात रोट्टी पडते. 'साकु', म्हणजे पुरे, म्हटलं तर तो ते नम्रता समजतो. 'साकु' म्हणून ताटावर हात आडवा धरला तर विचार करतो. हात आडवा धरून, मान हलवून, बायकोकडून कानडीत रदबदली करवली तेव्हा तो थांबला, आणि भात घेऊन आला. बायको कौतुकानं म्हणाली, "बघा, किती आग्रह करतात. तुमच्याकडं दुसरी पोळी मागितली की वेटर आधी बिलाच्या पुस्तकाकडं बघतो." मी बोलायच्या अवस्थेत नव्हतो.

अशा पोटानं तिला गोलघुमट बघायचा होता. 1656 साली पुरा झालेली मुहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास 44 मीटर. घुमटाच्या आतल्या सज्जात जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून चढायचं. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि माझ्यात चार रोट्ट्या. तिसऱ्या मजल्यावर मला एण्णेगायीतलं तेल आठवलं. पाचव्यावर आदिलशहाचे वास्तुकार आठवले, त्यांचं जेवण दुपारी होत नसावं. वरून उतरणारी शाळेची सहल आम्हाला चिकटून गेली. सगळी पोरं ओरडून घसा बसलेली.

त्यामुळं आम्ही सज्जात पोचलो तेव्हा वर चक्क शांतता होती. चार-दोन माणसं पलीकडच्या बाजूला, ठिपक्यांएवढी. इथं भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तरी समोरच्या टोकाला स्वच्छ ऐकू जातं, हे शाळेत असल्यापासून माहीत. पण बायकोला वाटलं, अखेर जागा मिळाली. इतक्या दूरवर आपल्याला कोण ओळखतंय? ती मला इथंच थांबायला सांगून अर्धा फेर चालून गेली, भिंतीला तोंड लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मनमोकळं बोलली. तेही मराठीत.

"अहो," भिंतीतून तिचा आवाज आला, माझ्या कानाशी बसल्यासारखा. "वांगं खारट होतं हो. मी तिथं बोलले नाही. आणि सासूबाईंचं खरंच बरं असतं. पण हे घरी सांगायचं नाही."

मी विजयी मुद्रेनं भिंतीकडं वळलो. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच घुमटातून तिसराच आवाज आला, बायकी, घसघशीत, विजापूर वेशीतला:

"खरं बोललाव ताई. आम्हीबी तिथंच जेवलाव. खारटच होतं."

थोडा वेळ नुसता घुमटच घुमला. मग बायकोचा आवाज आला, सावध, पण उत्सुक.

"तुम्ही सोलापुरात कुठं राहता?"

"जुळे सोलापूर. तुम्ही?"

"आम्ही मुरारजी पेठेच्या बाजूला."

"मग तिकडल्या त्या फॅमिली हॉटेलात जाऊ नका हं. पनीर अगदी रबर. पण ते काका फार चांगले हैत ओ, आम्ही भांडल्यावर गुलाबजाम पाठवतात."