खुर्च्या मोजून लिहिलेलं संगीत

मार्च २००३ मध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांच्या, वादकांनी संप केला. नट आणि रंगमंच कामगारही त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि चार दिवस जवळजवळ सगळी म्युझिकल्स, म्हणजे गाण्यांतून पुढे जाणारी नाटकं, बंद पडली. भांडण खुर्च्यांचं होतं. मोठ्या थिएटरांत पिटमध्ये, म्हणजे रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात, किमान २४ ते २६ वादक बसलेच पाहिजेत, असा करार होता. निर्मात्यांना ही अट नको होती, आणि वादक नसतील तर संगणकावरचा 'व्हर्च्युअल ऑर्केस्ट्रा' लावायची तयारीही त्यांनी करून ठेवली होती. तडजोड शेवटी १८-१९ वर झाली.

या शतकाच्या पहिल्या पंधराएक वर्षांतल्या माझ्या आवडत्या स्कोअरबद्दल लिहायचं तर मला या संपापासूनच सुरुवात करावी लागते. माझ्या यादीतले बहुतेक स्कोअर थोड्या वादकांचे आहेत. परवडत नाही म्हणून मोठा ऑर्केस्ट्रा कापून छोटा केला जातो, तसे हे नाहीत. खुर्च्या किती आहेत हे आधी मोजून मग यांचे सूर लिहिलेत. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो पहिल्या दहा मिनिटांत ऐकू येतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. गाणी म्हणजे स्कोअर नाही. संवादाखाली वाजणारं संगीत, नट तयार होईपर्यंत फिरत राहणारा छोटा तुकडा म्हणजे वॅम्प, गाण्याआधीचे दोन बार (तालाची आवर्तनं), दृश्य बदलताना कोणतं वाद्य पुढे येतं आणि कोणतं गप्प बसतं, हे सगळं मिळून स्कोअर होतो. नाटकाच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात, कास्ट अल्बममध्ये, यातलं निम्मंच येतं. माझी कसोटी अशी: गायकाची ओळ बाजूला ठेवून फक्त साथ वाजवून बघा. रंगमंचावर कोण आहे आणि ते काय लपवतंय हे साथीतून कळलं, तर स्कोअर चांगला.

जेसन रॉबर्ट ब्राउनचं 'द लास्ट फाइव्ह इयर्स' संपाच्या आधीचं. २००१ मध्ये शिकागोजवळ स्कोकीला झालं आणि २००२ मध्ये न्यूयॉर्कला ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे तिथल्या छोट्या थिएटरांत, आलं. दोन पात्रं, सहा वादक: पियानो, गिटार, बेस, एक व्हायोलिन आणि दोन चेलो. जेमीची गोष्ट सुरुवातीकडून पुढे जाते, कॅथीची शेवटाकडून मागे येते. दोघं खऱ्या अर्थानं एकत्र गातात ते मधोमध, लग्नाच्या वेळी. बाकी बहुतेक वेळ एकटं माणूस समोर नसलेल्या जोडीदाराशी बोलत असतं. म्हणूनच इथे दोन चेलो लागतात. चेलोचा आवाज माणसाच्या आवाजाच्या पट्टीत बसतो आणि रिकाम्या जागेवर कुणीतरी आहे असा भास देतो. काटकसर करणारे गट सर्वांत आधी दुसरा चेलो काढतात. मग मधला थर रिकामा होतो, खाली पियानोचा डावा हात आणि बेस एकमेकांवर आदळतात, आणि सगळं पियानो-बारमधल्या कार्यक्रमासारखं वाटायला लागतं. एखादा वादक कमी करावाच लागला तर त्याच वेळी पियानोचा डावा हातही हलका करून घ्यावा.

यातला पियानो फार अवघड आहे, आणि बहुतेक ठिकाणी पियानोवादकच कंडक्टर असतो. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे इशारे मानेनं. त्यामुळे बेस आणि गिटार त्याच्या थेट नजरेसमोर बसवावेत. जेमीचं 'मूव्हिंग टू फास्ट' हे गाणं बसवताना पहिले काही दिवस गायकाला बोलावू नये. पियानो आणि बेस मेट्रोनोमवर संथ लयीत पक्के करावेत आणि वेग टप्प्याटप्प्यानं वाढवावा. गायक आधीच आला की त्याच्या उत्साहापोटी लय पळते, आणि एकदा पळायची सवय लागली की ती मोडत नाही.

आता ॲडम गेटलचं 'द लाइट इन द पियाझा'. एप्रिल २००५, लिंकन सेंटरचं व्हिव्हियन बोमाँ थिएटर. माझ्या मते त्या दशकातलं सर्वांत सुंदर लेखन हेच. १९५३ सालचं फ्लॉरेन्स, अमेरिकन आई आणि तिची तरुण मुलगी क्लॅरा. लहानपणी डोक्याला मार लागल्यामुळे क्लॅराचं मन वयाबरोबर वाढलेलं नाही. ती एका इटालियन मुलाच्या प्रेमात पडते. मुलाला इंग्रजी नीट येत नाही आणि आईला खरं सांगायची हिंमत होत नाही. म्हणजे गोष्टीत शब्द जागोजागी अपुरे पडतात, आणि ती उणीव स्कोअरनं भरून काढली आहे. फाब्रिझिओचं पहिलं मोठं गाणं पूर्ण इटालियनमध्ये आहे, भाषांतर दिलेलंच नाही. 'से इट समहाउ'मध्ये दोघांचे शब्द संपतात आणि नुसते स्वर उरतात. सूर षड्जावर परतायला सतत उशीर करतात. घरी यायला निघालेलं माणूस वळणावर थांबून राहावं, तसं.

या स्कोअरचा कणा हार्प आहे. या स्कोअरची पाच वादकांची आवृत्तीही आहे: पियानो, व्हायोलिन, चेलो, बेस आणि हार्प. इतकी काटछाट करूनही हार्प ठेवली, यावरून काय ते समजा. तरीही कीबोर्डवर हार्पचा आवाज लावून काम भागवायचा मोह होतोच. तो का फसतो ते सांगतो. खऱ्या हार्पची तार छेडली की ती आपसूक विझेपर्यंत वाजत राहते, आणि वादक हातानं नेमक्या हव्या त्या तारा थांबवतो. कीबोर्डवर बोट उचललं की सूर तुटतो. म्हणून वादक सस्टेन पेडल दाबून धरतो, मग मागचे सगळेच सूर एकत्र साचून चिखल होतो. गेटलची हार्मनी इतकी भरभर रंग बदलते की हा चिखल इथे मुळीच चालत नाही.

पट्टी बदलण्याचंही तसंच. हल्ली गायिकेच्या सोयीसाठी गाणं अर्ध्या स्वरानं उतरवणं सोपं झालंय, पण डी मेजरमधलं गाणं डी-फ्लॅटला नेलं की व्हायोलिनची एकही मोकळी तार त्या स्वरांत उरत नाही आणि तारवाद्यांचा उजेड मंदावतो. हार्पला मात्र फ्लॅटच्या पट्ट्या मानवतात, कारण तिचे स्वर बदलणारं पायाखालचं पेडल वर असलं की तार पूर्ण लांबीनं थरथरते. म्हणून पट्टी ठरवताना गायिकेबरोबर तारवाद्यांचा आणि हार्पचाही विचार करावा. कागदावर अर्धा स्वर ही किरकोळ गोष्ट असते, कानाला नाही.

जनीन टेसोरी आणि टोनी कुशनर यांचं 'कॅरोलाइन, ऑर चेंज' पब्लिक थिएटरमध्ये २००३ ला झालं, ब्रॉडवेवर २००४ ला आलं आणि १३६ प्रयोगांत उतरलं. लंडनच्या नॅशनल थिएटरनं पुढे ते केलं, तेव्हा २००७ मध्ये त्याला सर्वोत्तम नव्या म्युझिकलचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं. १९६३, लुइझियानातलं लेक चार्ल्स. कॅरोलाइन एका ज्यू कुटुंबाच्या तळघरात कपडे धुते, आठवड्याला ३० डॉलर. मालकीणबाई ठरवतात की मुलाच्या खिशात राहिलेली चिल्लर तिनं ठेवून घ्यावी. एक दिवस खिशात २० डॉलरची नोट राहते. गोष्ट एवढीच.

तळघरात वॉशिंग मशीन गातं, ड्रायर गातो, रेडिओ म्हणजे तीन बायका. बाहेर चंद्र गातो, आणि केनेडींच्या हत्येची बातमी बस गाऊन सांगते. ऐकताना ही चमत्कृती वाटेल. पण विचार करा, दिवसभर तळघरात एकट्या राबणाऱ्या बाईशी बोलायला दुसरं असतं कोण? टेसोरीनं प्रत्येकाला वेगळी संगीतभाषा दिली आहे. रेडिओला मोटाउन (त्या काळचं कृष्णवर्णीय पॉप), ड्रायरला जड, खालच्या पट्टीतला ब्लूज, सणाच्या मेजवानीला क्लेझ्मर हे ज्यू लोकसंगीत. मुलाचा बाप क्लॅरिनेटवादक आहे. बायको गेल्यावर त्याला बोलणं जमत नाही, क्लॅरिनेट जमते. या सगळ्यांत कॅरोलाइनला स्वतःची अशी, पुन्हापुन्हा येणारी गोड चाल दिलेली नाही. सगळं घर सुरात बोलतं आणि ती सूर अडवून धरते. त्यामुळे दुसऱ्या अंकातलं तिचं 'लॉट्स वाइफ' हे गाणं येतं तेव्हा धरण फुटल्यासारखं होतं. तेही टाळ्या घेत संपत नाही. ते गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिसंगीताच्या, जोरावर चढतं, अधेमधे तुटतं आणि हळू आवाजातल्या प्रार्थनेवर येऊन थांबतं.

बसवताना घोळ बहुधा रेडिओपाशी होतो. तिघीजणी टाळ्या घेतात, बँडलाही मोटाउन वाजवायला मजा येते, आवाज वाढतो आणि तळघर नाइटक्लब होऊन बसतं. ड्रमरला ब्रश किंवा हलक्या काड्या द्याव्यात. ध्वनी सांभाळणाऱ्यानं रेडिओच्या पहिल्या प्रवेशात माइकमधला खर्ज कापून सुरुवात करावी, म्हणजे आवाज छोट्या पेटीतून आल्यासारखा वाटेल, आणि मग हळूहळू मोकळा करावा. दुसरी चूक क्लॅरिनेटची. क्लॅरिनेट, सॅक्सोफोनसारखी रीडची वाद्यं वाजवणाऱ्याकडे तीन-चार वाद्यं असतात. बराच वेळ स्टँडवर राहिलेली क्लॅरिनेट थंड पडते आणि स्वर उतरतो. आधीच्या संवादात तिच्यात नुसता श्वास फुंकून ती गरम करायची. वादकाच्या स्वरलिपीच्या कागदावर तिथे पेन्सिलनं खूण हवीच, आठवणीवर सोडू नये.

'नेक्स्ट टू नॉर्मल' (२००९) ही मानसिक आजाराशी झगडणाऱ्या आईची गोष्ट. त्यातही सहा नट आणि सहा वादक. रॉकची ताकद आहे, पण मन पकडतात ते व्हायोलिन आणि चेलो. टॉम किट आणि ब्रायन यॉर्कीनं पूर्वी याचं नाव 'फीलिंग इलेक्ट्रिक' ठेवलं होतं. तिला उपचार म्हणून दिलेल्या विजेच्या झटक्यांवरचं त्याच नावाचं रॉक गाणं पुढे काढून टाकलं. नावाचं गाणं कापायला धाडस लागतं, आणि त्या कापणीनंच हे नाटक सावरलं.

'विकेड' मोठ्या पिटचं, २००३ चं. त्याच्यावर माझा जीव तितका नाही, पण संगीतकार स्टीफन श्वार्ट्झची कारागिरी मान्य करायलाच हवी. 'अनलिमिटेड' या धूनचे पहिले सात स्वर 'द विझार्ड ऑफ ऑझ' सिनेमातल्या 'ओव्हर द रेनबो'चेच आहेत, फक्त लय बदलल्यामुळे कान फसतो.

'इन द हाइट्स' (२००८) बद्दल एकच सांगणं: क्लाव्हे. लॅटिन लयीचा तो दोन बारांचा साचा गाण्यात सुरू झाला की उलटा करायचा नाही. कुणी घाईत एक बार कापला की साचा उलटतो, आणि रॅप बरोबर असूनही काहीतरी लंगडतंय असं वाटत राहतं. कापायचंच तर दोन बार कापा.

ए. आर. रहमानच्या गाण्यांचं म्युझिकल 'बॉम्बे ड्रीम्स' यादीत का नाही, हा प्रश्न येणार. रहमानची ती गाणी मला प्रिय आहेत. पण 'छैयाँ छैयाँ' सिनेमातच पूर्ण झालेलं गाणं आहे. त्याला प्रसंगाची गरज नाही, आणि प्रसंगाला त्यानं नवं काही मिळत नाही.

सर्वांत वेगळा स्कोअर लंडनचा. 'लंडन रोड', नॅशनल थिएटर, २०११. इप्सविचमध्ये २००६ साली पाच स्त्रियांचे खून झाले. ॲलेकी ब्लाइदनं त्या रस्त्यावरच्या रहिवाशांची बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि ॲडम कॉर्कनं त्या बोलण्यातलेच चढउतार आणि लय स्वरलिपीत उतरवली. अडखळणं, 'अं', अर्धवट वाक्यं, सगळं तसंच. एखादं साधं वाक्य समूहानं पुन्हापुन्हा म्हटलं की त्याचं ध्रुवपद होतं, आणि घाबरलेली वस्ती एका आवाजात ऐकू येते.

हे शिकायचा क्रम महत्त्वाचा. आधी स्वर सोडून द्यायचे आणि मजकूर नुसता लयीत बोलायचा, श्वास आणि अडखळणी लिहिल्यात तिथेच. मग एकाच स्वरावर म्हणायचा. मग लिहिलेले स्वर. शेवटी समूह. उलट क्रमानं शिकलेले गायक नकळत लय नीटनेटकी करतात, 'अं' गिळतात, वाक्य समेवर आणून टेकवतात. तसं झालं की खऱ्या माणसांचं बोलणं जातं आणि विचित्र मोजणीची कोरसची गाणी उरतात.

शेवटचं 'फन होम', ब्रॉडवेवर २०१५. संगीत पुन्हा टेसोरीचं, शब्द लिसा क्रॉनचे. ॲलिसन ही यातली नायिका, तिची तीन वयं तीन जणी करतात आणि मोठी ॲलिसन सगळं बाजूला उभी राहून पाहत असते. 'टेलिफोन वायर' या गाण्यात ती पहिल्यांदा स्वतः गाडीत, वडिलांच्या शेजारी बसते. बोलायचं असतं पण बोलणं होत नाही. खाली साथ रस्त्यासारखी फिरत राहते आणि रस्ता संपत येतो. इथे गायिकेला भरून येतं आणि कंडक्टर तिच्यासाठी लय सैल सोडतो. सोडू नये. तिनं हवं तर उशिरा शब्द टाकावेत, मागे राहावं, पण साथ एकाच वेगानं जाऊ द्यावी, कारण गाडी वडील चालवतायत आणि ते वेग कमी करत नाहीत.