चौदावी विधानसभा ‘बेकायदा’ होती म्हणे!

निवडणूक जवळ आली की एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. गंमत अशी की तो दोन्ही बाजूंचे लोक पाठवतात, फक्त शेवटची शिवी बदलते. मेसेज म्हणतो, महाराष्ट्राची चौदावी विधानसभा, म्हणजे २०१९ ते २०२४ ची, मुळात बेकायदाच होती. ती मोडून पुन्हा बसवली गेली, तिचा एक मुख्यमंत्री आमदारच नव्हता, दीड वर्ष अध्यक्षाविना कारभार चालला, दोन-तृतीयांश आमदार फुटले म्हणून पक्षच त्यांचा झाला, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयानेच सरकार बेकायदा ठरवलं. यातलं एकही वाक्य संपूर्ण हवेतलं नाही. म्हणूनच ते पटतं.

‘मोडून पुन्हा बसवली’ हे आधी घेऊ. २४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, बाकीच्या २९ जागा छोटे पक्ष आणि अपक्ष यांच्या. युती तुटली, कुणाचंच जमेना, आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. पण राजवट लागली म्हणजे विधानसभा बरखास्त झाली असं होत नाही. सभागृह स्थगित अवस्थेत होतं, आमदार आमदारच होते. २३ तारखेला भल्या पहाटे राजवट उठली, सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला, २६ ला ते सरकार गेलंही. या सगळ्या धावपळीत आमदारांनी सभागृहात अजून शपथही घेतली नव्हती! ती झाली २७ नोव्हेंबरला, हंगामी अध्यक्ष कालिदास कोळंबकर यांच्यासमोर. पाच वर्षं मोजायची ती पहिल्या बैठकीपासून. त्यामुळे मुदत संपली २६ नोव्हेंबर २०२४ ला. मुख्यमंत्री तीन झाले, सभागृह एकच.

मुख्यमंत्री आमदार नव्हते, हे खरंच. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर शपथ घेतली तेव्हा ते दोन्हीपैकी कुठल्याच सभागृहात नव्हते. राज्यघटनेचं कलम १६४(४) यासाठी सहा महिने देतं. कोरोनामुळे परिषदेची निवडणूक लांबली, मुदत हुकते की काय अशी वेळ आली, आणि मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. मुख्यमंत्री विधानसभेचाच हवा, असं घटनेत कुठेही नाही. शरद पवार १९९३ मध्ये आणि पृथ्वीराज चव्हाण २०१० मध्ये दिल्लीहून येऊन थेट मुख्यमंत्री झाले, तेव्हा हा मेसेज कुठे होता कोण जाणे.

अध्यक्षपदाचा मुद्दा मात्र दोन ओळींत उडवण्यासारखा नाही. नाना पटोले १ डिसेंबर २०१९ ला बिनविरोध अध्यक्ष झाले आणि ४ फेब्रुवारी २०२१ ला पायउतार झाले, कारण त्यांना काँग्रेसचं प्रदेशाध्यक्षपद मिळालं. पुढचा अध्यक्ष यायला जवळपास सतरा महिने लागले. सरकारने गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाचा नियम केला, राज्यपालांनी त्यावर हरकत घेतली, तारीख काही मिळाली नाही. हे लांच्छनास्पदच होतं. पण ‘अध्यक्ष नाही, म्हणून कामकाज रद्दबातल’ हा निष्कर्ष चुकीचा, कारण पद रिकामं असेल तर उपाध्यक्षाने काम पाहायचं हे कलम १८० सांगतं आणि दिंडोरीचे नरहरी झिरवाळ मार्च २०२० पासून त्या पदावर होते.

त्या काळात खरोखर घटनाबाह्य ठरलेली एक गोष्ट मेसेजात नाहीच. ५ जुलै २०२१ ला भाजपच्या बारा आमदारांना एकदम वर्षभरासाठी निलंबित केलं गेलं. तेव्हा आसनावर तालिका अध्यक्ष, म्हणजे त्या वेळेपुरते कामकाज चालवणारे सदस्य म्हणून भास्कर जाधव होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ ला तो ठराव रद्द केला. चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनेत बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. वर्षभर आमदार बाहेर म्हणजे वर्षभर बारा मतदारसंघ बिनप्रतिनिधीचे. बेकायदा शोधायला निघालेल्यांनी इथे थांबायला हवं होतं.

आता दोन-तृतीयांश. चहाच्या टपरीपासून चॅनेलवरच्या चर्चेपर्यंत सगळ्यांना पाठ असलेला आकडा हाच. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन आधी सूरतला, मग गुवाहाटीला गेले, आणि सगळं राज्य तिकडे डोळे लावून ३७ पर्यंत मोजत होतं. सेनेचे ५६ निवडून आले होते, रमेश लटके यांच्या निधनाने ५५ उरले होते, त्याचे दोन-तृतीयांश ३७. गणित बरोबर, पण कायदा वेगळा. पूर्वी घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक-तृतीयांश आमदारांच्या ‘फुटी’ला संरक्षण होतं. ते ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकलं. आज दोन-तृतीयांशाचा आकडा लागतो तो विलीनीकरणाला, म्हणजे मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात जातो तेव्हा. शिंदे गट कुणातही विलीन झाला नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की आम्हीच शिवसेना. हा दावा ३७ ने सिद्धही होत नाही आणि ३६ ने पडतही नाही, कारण प्रश्न संख्येचा नसून पक्ष कोण हा आहे.

पक्ष वेगळा आणि विधिमंडळ पक्ष वेगळा, ही या सगळ्या गुंत्याची किल्ली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ ला नेमकं हेच सांगितलं: प्रतोद (आमदारांना पक्षादेश बजावणारा) आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, आमदारांच्या घोळक्याचा नाही. म्हणून शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना प्रतोद मानण्याचा विधानसभा अध्यक्षांचा निर्णय बेकायदा ठरला.

आणि इथूनच मेसेजचा शेवटचा दावा जन्मतो. न्यायालयाने राज्यपालांनाही ठपका दिला, बहुमत चाचणीचा आदेश द्यायला त्यांच्याकडे पुरेसा आधार नव्हता म्हणून. पण त्याच निकालात पुढे आहे की ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता २९ जून २०२२ च्या रात्री राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही, आणि शिंदे यांना शपथेसाठी बोलावणं योग्य होतं. लोक निकालाचं पहिलं पान फॉरवर्ड करतात, दुसरं कुणी उघडत नाही.

शिवाय सरकार टिकतं की पडतं हे शेवटी सभागृहात डोकी मोजून ठरलं. ३ जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले, १६४ विरुद्ध १०७, समोर सेनेचे राजन साळवी. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावाला पुन्हा १६४, पण विरोधात ९९ च. रातोरात आठ मतं कुठे गेली? संतोष बांगर आदल्या दिवशी ठाकरेंकडे होते, त्या दिवशी शिंदेंकडे. अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार आणि आणखी काही जण वेळेत पोचलेच नाहीत. दारं बंद झाली आणि ते बाहेर राहिले. हेच वडेट्टीवार पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये विरोधी पक्षनेते झाले. त्यांच्या आधीचे दोघे विरोधी पक्षनेते, फडणवीस आणि अजित पवार, त्या खुर्चीवरून उठून थेट उपमुख्यमंत्री झाले होते. ती खुर्ची या पाच वर्षांत एकूणच लाभदायक ठरली.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत शेवटी एक जोड असते: ‘त्या आमदारांची आमदारकी केव्हाच गेली होती.’ नाही, कुणाचीच गेली नाही. १० जानेवारी २०२४ ला नार्वेकर यांनी शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवलं, पण अपात्र कुणालाच केलं नाही, ना इकडच्यांना ना तिकडच्यांना. १५ फेब्रुवारीला फुटलेल्या राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच: अजित पवार गट खरा पक्ष, अपात्र कुणीच नाही. ठाकरे गट सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबरात विधानसभेची मुदत संपली, तेव्हा ती याचिका तिथेच पडून होती.