‘मैदानात उतरला नाहीत तर बोलू नका’ म्हणणाऱ्यांना

ऑक्टोबर उजाडला आणि वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे बेसबॉलच्या मोसमातल्या अंतिम लढतीचे वेध लागले, की न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी मंडळींमध्ये एक मजकूर हमखास फिरायला लागतो. कुणीतरी इंग्रजीतून उचललेला असतो, कुणीतरी तो मराठीत उतरवलेला असतो. मजकुराचा सूर दरवर्षी तोच: एमएलबी नेटवर्क या बेसबॉलच्या वाहिनीवर निम्मे लोक असे बसवलेत, ज्यांनी मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगचा, एक सामना खेळलेला नाही. खेळ खेळलेल्यालाच कळतो. या आकडेवाल्यांच्या नव्या पिकाने बेसबॉलची मजा घालवली. सूत्रसंचालक नुसते समोरचं वाचून दाखवतात, खरं काम माजी खेळाडूच करतात. आणि तोंडावर खरं बोलायची हिंमतही त्यांच्यातच असते, बाकीचे लीगचे पगारी भाट. खाली ‘अगदी बरोबर’, ‘शंभर टक्के सहमत’ची रांग.

ही वाहिनी १ जानेवारी २००९ ला सुरू झाली. तिचा स्टुडिओ सिकॉकसला आहे, आणि एडिसनहून न्यूयॉर्कला जाणारी आमची रोजची लोकल सिकॉकस जंक्शनवर थांबते. मी ही वाहिनी गेली बरीच वर्षं मन लावून बघतो. म्हणून या मजकुराला एकदा मुद्द्यागणिक उत्तर द्यायचं ठरवलं.

‘खेळ खेळलेल्यालाच कळतो.’

यातला खरा भाग आधी मान्य करतो, कारण तो मोठा आहे. स्टुडिओत माजी पिचर (बेसबॉलमधला बोलर) पेड्रो मार्टिनेझ चेंजअपची, म्हणजे फसवून हळू टाकलेल्या चेंडूची, पकड दाखवतो तेव्हा बाकी कुणी दाखवूच शकणार नाही असं काहीतरी आपण बघत असतो. अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून ते चेंडूच्या बाजूला टेकवायचं, उरलेल्या तीन बोटांवर चेंडू सोपवायचा, तळहाताच्या बऱ्यापैकी जवळ. हात फिरतो पूर्ण वेगात, चेंडू मात्र रेंगाळत येतो आणि बॅटरची बॅट आधीच फिरून गेलेली असते. ती पकड त्या बोटांनी हजारो वेळा घेतलेली आहे. तसंच हॅरल्ड रेनॉल्ड्सचं. सिएटलचा हा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक), क्षेत्ररक्षणासाठीचे तीन गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवलेला, १९८७ साली ६० बेस चोरून, म्हणजे पिचर चेंडू टाकेपर्यंत पुढच्या बेसवर पळून, अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात) पहिला आलेला. स्टुडिओतच अर्ध्या मापाचं मैदान केलंय, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्या ४२ नंबरवरून त्याचं नाव स्टुडिओ ४२. तिथे कोट-टायवर ग्लव्ह घालून रेनॉल्ड्स डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना आउट करणं, कसा फिरवायचा ते दाखवतो, तेव्हा त्याचा डावा पाय बेसवर कुठे पडतो एवढंच बघत राहावंसं वाटतं.

पण ‘त्याला हे कळतं’ यातून ‘दुसऱ्याला काहीच कळत नाही’ हे कसं निघालं? बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर (बेसबॉलमधला मुख्य प्रशिक्षक) अर्ल वीव्हर मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. खालच्या लीगांमध्ये धक्के खाल्ले, वर कधी बोलावणं आलंच नाही. त्याच माणसाने ओरिओल्सला चार वेळा अमेरिकन लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, १९७० ची वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्याच्या हाताखाली खेळलेल्या एकाही खेळाडूला ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणणं परवडलं नसतं. डॉजर्सचा आवाज असलेले विन स्कली कॉलेजात खेळले तेवढंच. पुढे ६७ मोसम माइकसमोर बसले आणि लोक स्टेडियममध्ये प्रत्यक्ष बसूनही कानाला रेडिओ लावून त्यांना ऐकायचे.

उलट बाजूही बघा. जो मॉर्गन हा बेसबॉलच्या इतिहासातला थोर सेकंड बेसमन, १९७५ आणि १९७६ असा लागोपाठ दोनदा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू. नंतर कित्येक वर्षं तो रविवारच्या सामन्यांचा टीव्हीवरचा विश्लेषक होता, आणि नव्या आकडेपद्धतीला त्याने सतत झिडकारलं. त्याची बॅटिंगची सरासरी, म्हणजे हिट मारण्याचं प्रमाण, .२७१. जुन्या हिशेबाने बरी, थोर नाही. पण त्याने कारकिर्दीत १,८६५ वेळा वॉक मिळवला, ६८९ बेस चोरले. वॉक म्हणजे चार बाहेरचे चेंडू सोडून, हिट न मारताच बेसवर पोचणं, आणि बेसवर पोचण्याची खरी किंमत ज्यांनी मोजून दाखवली ते हेच आकडेवाले. त्यांच्यातला आद्यपुरुष बिल जेम्स याने मॉर्गनला आजवरच्या सेकंड बेसमनमध्ये पहिला क्रमांक दिला. मॉर्गन किती मोठा होता हे मॉर्गनपेक्षा जेम्सला नेमकं सांगता आलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि जेम्स कोण? कॅन्सासमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी. पहारा देता देता तो सामन्यांचे आकडे मांडायचा. १९७७ साली त्याने आपली पहिली पुस्तिका स्वतःच छापून विकली. २००३ च्या मोसमाआधी बॉस्टन रेड सॉक्सने त्याला सल्लागार नेमलं, आणि २००४ मध्ये त्या संघाने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. श्रेय एकट्या जेम्सचं नव्हे. पण संघाच्या मालकांना त्याचं ऐकावंसं वाटलं, तो कधी मैदानात उतरला होता का हे त्यांनी विचारलं नाही.

‘आकडेवाल्यांच्या नव्या पिकाने मजा घालवली.’

नवं? बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला गोषवारा, बसवणारा हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडात एक्सेटरला जन्मला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी तो आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा, मग बेसबॉलकडे वळला. आपल्या क्रिकेटच्या स्कोअरबुकाचं वळण बेसबॉलच्या हिशेबात आलं ते या माणसाच्या हातून. १९३८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, खेळाडू म्हणून नव्हे. पुढे १९४७ साली, ज्या वर्षी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच वर्षी, ब्रुकलिन डॉजर्सचा कारभारी ब्रँच रिकी याने ॲलन रॉथ नावाचा आकडेतज्ज्ञ पगारावर ठेवला. म्हणजे ही परंपरा आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबांच्या वयाची आहे.

राहिली मजा. एमएलबी नेटवर्कवर ब्रायन केनी २०११ मध्ये आला. त्याआधी तो बॉक्सिंगचं सूत्रसंचालन करायचा. आल्यापासून त्याने एक गोष्ट लावून धरली: पिचरला ‘विन’वरून जोखणं बंद करा. जिंकलेल्या सामन्यात संघाने आघाडी घेतली तेव्हा जो पिचर होता, साधारणपणे त्याच्या खात्यात ‘विन’ पडतो. आता त्याच्या संघाने धावाच केल्या नाहीत तर त्याने करायचं काय? बोलरने पाच बळी घ्यावेत, आपल्या संघाने नव्वदीत गाशा गुंडाळावा, आणि हरल्याचा ठपका बोलरवर यावा, तसं हे. केनी हे बोलायचा तेव्हा लोक चिडायचे. मीही चिडायचो. मला वाटायचं, वीस विन घेणारा पिचर तो वीस विन घेणारा पिचर, त्यात वाद कसला.

मग मी मागे जाऊन २०१० ची सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझची कामगिरी पाहिली. १३ विन, १२ पराभव. ईआरए मात्र २.२७, म्हणजे नऊ इनिंगमागे सव्वादोन धावा. त्याच वर्षी यँकीजच्या सीसी सबाथियाचे विन २१ आणि ईआरए ३.१८. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार हर्नांडेझला मिळाला, कारण मतदार हळूहळू विनच्या पलीकडे बघायला लागले होते. २०१८ मध्ये मेट्सच्या जेकब डीग्रॉमचे विन अवघे १०, पराभव ९, आणि ईआरए १.७०. पहिल्या पसंतीच्या ३० मतांपैकी २९ त्याला पडली. डीग्रॉम सामन्यामागून सामना फेकत होता आणि त्याच्या संघाला धावा जमत नव्हत्या, हे त्या उन्हाळ्यात मी स्वतः पाहिलंय. आठव्या इनिंगनंतर डगआउटच्या कठड्याला हात टेकून उभा असलेला तो उंच माणूस. जुन्या हिशेबाने त्याला सामान्य म्हणून बाजूला सारलं असतं. आकड्यांनी त्याला न्याय मिळवून दिला. मजा गेली म्हणणाऱ्यांनी हा उन्हाळा आठवावा.

२०१२ च्या एमव्हीपीचा वादही सांगतो, कारण तिथे आकडेवाल्यांचं म्हणणं चाललं नाही. डेट्रॉइटच्या मिगेल कॅब्रेराने .३३० सरासरी, ४४ होम रन, १३९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) असा ट्रिपल क्राउन, म्हणजे तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक, मिळवला. १९६७ नंतर तो कुणालाच जमला नव्हता. समोर विशीतला माइक ट्राउट: .३२६, ३० होम रन, ४९ चोरलेले बेस आणि सेंटर फील्डमधली अफाट क्षेत्ररक्षा. केनी ट्राउटच्या बाजूने भांडला. पहिल्या पसंतीची २८ पैकी २२ मतं कॅब्रेराला गेली. माझं मत तेव्हा कॅब्रेराला होतं, आज विचाराल तर ट्राउटला देईन. त्या काळात रेनॉल्ड्स आणि केनी एका टेबलाशी बसून अशा विषयांवर तावातावाने बोलायचे. एकाने खेळ अंगाने भोगलेला, दुसऱ्याने कागदावर उलगडलेला, आणि दोघांनाही तो तितकाच प्रिय. नुसते दोन माजी खेळाडू समोरासमोर बसवले असते तर ती चर्चा झालीच नसती.

आणखी एक. आज पडद्यावर चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा कोन दिसतो तो स्टॅटकास्टमुळे, २०१५ पासून सर्व मैदानांवर. २०२० पासून त्याच्या मुळाशी हॉक-आय आहे, तेच हॉक-आय ज्याच्या जोरावर आपण एलबीडब्ल्यूच्या अपिलावर घरबसल्या निकाल देतो. क्रिकेटमध्ये ते हवं आणि बेसबॉलमध्ये त्याने मजा घालवली, हे मला पटत नाही.

‘सूत्रसंचालक नुसते वाचून दाखवतात.’

याला थोडक्यात उत्तर देतो, कारण एक संध्याकाळ बघितली की पुरे. मोसमात २,४३० सामने असतात, भरगच्च रात्री एकाच वेळी पंधरा मैदानं चालू. ग्रेग ॲमसिंगर किंवा मॅट व्हासगर्शन एका मैदानावरून दुसऱ्यावर उडी मारतात तेव्हा बेस भरलेत का, कितवा पिचर आलाय, काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक) काय, हे त्यांना त्या क्षणी सांगावं लागतं, आणि शेजारच्या माजी खेळाडूला नेमका त्याचाच प्रश्न विचारावा लागतो. हे आधी लिहून कोण देणार?

वाहिनीच्या पहिल्याच संध्याकाळी १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमधला डॉन लार्सनचा परफेक्ट गेम दाखवला होता. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस आउट. स्वतः लार्सन आणि त्याचा कॅचर योगी बेरा समोर बसलेले. सूत्रसंचालक बॉब कॉस्टस, कधीही न खेळलेला. पन्नास वर्षं उलटल्यावर म्हाताऱ्या माणसाकडून ‘तेव्हा काय वाटलं’च्या पुढचं काही काढून घ्यायचं, तर विचारणाऱ्याला तो सामना पाठ असावा लागतो. ते काम कॉस्टसचं होतं.

‘खरं बोलायची हिंमत माजी खेळाडूंतच.’

वाहिनीत मोठा हिस्सा लीगचा आहे, म्हणून दडपणाची शंका रास्त आहे. मलाही ती आहे. पण किंमत कुणी मोजली ते बघा. केन रोझेन्थल, बो टाय लावणारा बातमीदार, सुरुवातीपासून या वाहिनीवर. आयुष्यभर त्याने बातम्याच काढल्या. २०२० मध्ये त्याने लीगचे प्रमुख, कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांच्यावर टीका करणारं लिहिलं आणि काही महिने तो पडद्यावरून गायब झाला. जानेवारी २०२२ मध्ये, लीगने टाळेबंदी केलेली असताना, त्याचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. वाहिनीने टीकेचं कारण दिलं नाही, पण वर्तमानपत्रांनी दोन्ही गोष्टी जोडून छापल्या. मजकूर ज्याला भाट म्हणतो, त्या जातीचा हा माणूस.

आपल्याकडचं उदाहरण आठवायला फार लांब जायला नको. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले समालोचकांच्या यादीतून गेले. २०२० मध्ये मंडळाच्या यादीतून संजय मांजरेकर गेले. एक कसोटी न खेळलेला, दुसरा मुंबईचा कसोटीपटू. खुर्ची मालकाच्या हातात असली की गदा दोघांवरही येते. प्रश्न मालकीचा आहे, तो मालकीचा म्हणूनच विचारा. त्यासाठी न खेळलेल्यांना झोडपून काय मिळणार?

या मजकुराचा मला इतका राग का येतो, तेही सांगतो. माझी भाची चौदा वर्षांची आहे. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिची निवड झाली नाही, पण स्कोअरबुक तीच लिहिते. शिसपेन्सिलीने, खाडाखोड न करता. बॅट न फिरवता आउट झालेल्याला इंग्रजी ‘के’ अक्षर उलटं, शॉर्टस्टॉपकडून सेकंडकडे आणि तिथून फर्स्टकडे डबल प्ले झाला की त्या क्षेत्ररक्षकांचे ठरलेले क्रमांक, ६-४-३. गेल्या वर्षी याच मजकुराचा हवाला देऊन घरातल्याच एकाने तिला म्हटलं, ‘तू खेळत नाहीस, तुला काय कळणार?’ ती काही बोलली नाही. वही मिटून आत गेली.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं टीव्हीवर एक सामना बघत होतो. तिसऱ्या इनिंगमध्ये डबल प्ले झाला. तिने ६-४-३ लिहिलं आणि पेन्सिल तशीच धरून म्हणाली, ‘मामा, त्याचा पाय बेसवर नव्हता.’ २०१६ च्या मोसमाआधी असा पाय हवेत असला तरी पंच आउट देऊन टाकायचे आणि त्यावर रिप्लेची दाद मागता यायची नाही. आता मागता येते. समोरच्या डगआउटमधून मॅनेजरने हात वर केला, रिप्ले लागला. बूट बेसच्या वर, बोटभर अंतरावर. सेकंडचा रनर सेफ ठरला, आणि तिने ६-४-३ पुसून तिथे नव्याने लिहिलं.