मुदीच्या पोटातलं तूप

ऑफिसात फुकट रक्ततपासणी होती. फुकट म्हटल्यावर मी हात पुढे केला आणि तिथेच फसलो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२! आकड्याशेजारी वर तोंड केलेला लाल बाण.

डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. "तीन महिने बघू. रोज अर्धा तास भरभर चाला. तळलेलं, डालडा, बेकरीचं बंद. साजूक तूप बेतानं." बोलत होते माझ्याशी, बघत होते हिच्याकडे. अनुभवी माणूस.

त्याच संध्याकाळी घरातला तुपाचा चमचा बदलला. जुना म्हणजे पळीचा धाकटा भाऊच. त्याच्या जागी आली खोकल्याच्या औषधाबरोबर मिळालेली प्लास्टिकची चमची. आत अडीच मिलीची रेघ. "रेघेपर्यंतच हं," ही म्हणाली. गरम वरणभातावर ते तूप पडायचं आणि मी चष्मा पुसून ते शोधायचो.

सकाळी पोह्यांऐवजी ओट्स. त्यातला चिकट तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं म्हणे. पटलं. पण तुंबलेली मोरी उघडणारी काठीही कामाचीच असते. ती कुणी वाटीत घालून वाढत नाही.

एकदा शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' वाचून मी भज्यांचा विषय काढला. "बाबा, कोलेस्टेरॉल प्राण्यांत असतं. शेंगदाण्यात कुठून येणार? उद्या विटेवरही लिहितील," लेक मोबाइलमधून मान न काढता म्हणाली. विषय मिटला.

आईला मात्र ही चमची म्हणजे परकीय राजवट वाटली. उघड बंड नाही, सगळं भूमिगत. पानं तीच वाढते. चौथ्या दिवशी मी भाताची मूद फोडली, तर आत तुपाचं तळं! वर सुनेची अडीच मिली, खाली सासूचा मोजमाप नसलेला ऐवज. मी वर पाहिलं. आईने डोळ्यांनीच सांगितलं, जेव मुकाट्यानं.

तरी चालणं मी इमानदारीत केलं आणि फरसाणाच्या दुकानावरून जाताना मान वळवली नाही. तीन महिन्यांनी आकडा आला १३८. सोबत म्हणून हिनेही रक्त दिलं होतं. वजन अठ्ठेचाळीस किलो, ज्वारीची भाकरी, रोजची योगासनं. हिचा एलडीएल १७१.

घरात पंखा ऐकू येईल इतकी शांतता. डॉक्टर म्हणाले, "बारीक असण्यावर जाऊ नका. बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं, काही घराण्यातून येतं, आणि पाळी थांबल्यावर बायकांचं वाढतंही." मी चेहरा गंभीर ठेवला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की एवढं जमतं.

रात्री हिने स्वतःच्या भातावर ती चमची धरली. रेघेपर्यंत, थेंब इकडे नाही की तिकडे नाही. मग मूद फोडली आणि हात तिथेच थांबला. हिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

आई लोणच्याची बरणी शोधत होती. बरणी तिच्या समोरच होती.