'पोलीस ॲक्शन' म्हणतात ते युद्ध

नांदेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि ते भारतात आलं, पण आमच्याकडे त्याला कुणी युद्ध म्हणत नाही. 'पोलीस ॲक्शनच्या आधी', 'पोलीस ॲक्शननंतर' अशीच जुन्या माणसांची कालगणना. त्यामुळे इथे नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलव्हीनमध्ये शेजारच्या आजोबांनी थोरल्या भावाचा जावा बेटावरचा, गणवेशातला फोटो दाखवून 'पोलिट्सिओनेल आक्सी' म्हटलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शब्द तोच, वर्षंही जवळपास तीच.

जपान शरण आल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ ला, सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. आधी तिथे राज्य करणाऱ्या डचांना ते मान्य नव्हतं. चार वर्षं लढाई चालली, सुमारे एक लाख इंडोनेशियन मेले. (१९४५ च्याच ऑक्टोबरात ब्रिटिशांनी जावातल्या सुराबायात उतरवलेल्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. आपली माणसं तिथे कुणाच्या बाजूने लढली, हे आपण मुलांना सांगत नाही.) जुलै १९४७ आणि डिसेंबर १९४८ मधल्या दोन मोठ्या चढायांना डच सरकारने पोलीस कारवाई म्हटलं. युद्ध म्हटलं की समोर दुसरा देश आला. पोलीस घरातच येतात, आणि घरच्या भांडणात बाहेरच्याने बोलायचं नसतं.

भारताने ते मानलं नाही. आपल्याच स्वातंत्र्याला पंधरवडा बाकी असताना, ३० जुलै १९४७ ला, भारत आणि ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला. वर्षभराने निजाम त्याच परिषदेकडे गेला, तेव्हा आपण म्हणालो, हा आमचा अंतर्गत मामला.

या दोन कारवाया एका तागडीत घालता येणार नाहीत. डच सैन्य वसाहत परत बळकवायला गेलं होतं, आपलं सैन्य रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, जाचातून माणसं सोडवायला आलं. माझे आजोबा निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेला ओ देऊन संस्थानच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले होते. त्याचा मला जन्मभर अभिमान राहील.

पण त्या शब्दाने झाकायचं काम दोन्हीकडे केलं. इथे १९६९ मध्ये यूप ह्यूटिंग या माजी सैनिकाने टीव्हीवर सांगितलं की आम्ही तिथे युद्धगुन्हे केले. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, कुटुंबाला घेऊन लपावं लागलं. एकूण सैन्य नीट वागलं, असं सरकारने तेव्हा सांगून टाकलं. मग जावातल्या रावागेडे गावच्या म्हाताऱ्या विधवा हेगच्या कोर्टात उभ्या राहिल्या. त्यांची माणसं डच सैनिकांनी ९ डिसेंबर १९४७ ला गोळ्या घालून मारली होती. २०११ मध्ये त्या जिंकल्या. २०२२ मध्ये मोठ्या संशोधनाचा निष्कर्ष आला की अतिरेकी हिंसा सर्रास होती, वरच्यांना ती ठाऊक होती. पंतप्रधान रुटे यांनी त्याच दिवशी माफी मागितली. शेजारच्या आजोबांनी हे सगळं वाचलं. भावाचा फोटो अजून भिंतीवर आहे.

दर सप्टेंबरला आमच्या गावच्या ग्रुपवर मुक्ती म्हणायचं की विलीनीकरण, यावर आठवडाभर भांडण चालतं. गेल्या खेपेला एका मास्तरांनी पंडित सुंदरलाल समितीचं नाव काढलं. ही समिती नेहरूंच्या सरकारनेच नेमली होती. कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, त्यातली बहुतेक मुसलमान, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेडही धरले. अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटात पडून राहिला. मास्तरांना उत्तर मिळालं, "रझाकारांनी केलं ते विसरलात का?" तासाभरात त्यांनी ग्रुप सोडला.

मास्तरही रझाकारांचा जाच सोसलेल्या गावात वाढले, ते विसरतील कसे? मी त्यांना फोन केला. येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, मी नांदेडात असेन. झेंडावंदन झाल्यावर रझाकारांनी मारलेल्या आमच्या गावकऱ्यांची नावं ते वाचणार आहेत, आणि अहवालातली नांदेड जिल्ह्याची पानं मी. शाळेचं पटांगण मिळालं तर तिथे, नाहीतर आमच्या ओट्यावर.