चपलांच्या मांडणीवरची डबी

आज संध्याकाळी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर संक्रांतीचे हळदीकुंकू होते. तिथून घरी येऊन दोन तास झाले तरी माझा राग निवलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. त्या घरातल्या नववीत शिकणाऱ्या मुलीने यंदाचे वाण स्वतःच्या हाताने तयार केले होते. दिवाळीपासून तिने ओळखीच्या घरांतून पेपरमिंटच्या, चहाच्या, चॉकलेटच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्या मागून आणल्या. माझ्याकडूनही दोन नेल्या. अशा २६ डब्या तिने रंगवल्या, प्रत्येकीत बटर पेपरमध्ये गुंडाळलेल्या तिळाच्या दोन वड्या आणि चिमूटभर हलवा घातला आणि आईने हळदीकुंकू लावले की ती पुढे होऊन प्रत्येकीच्या हातात एकेक डबी देत होती.

एक बाई डबी उलटीसुलटी करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, भंगारातल्या डब्या कुणी वाण म्हणून वाटतं होय?" चारजणी हसल्या. मुलगीही कसनुशी हसली. इथवरचे मी एक वेळ विसरले असते. पण निघताना मी दाराबाहेर आले तेव्हा चपलांच्या मांडणीवर, वरच्या फळीवर, त्यातलीच एक डबी उघडी पडलेली होती. वड्या काढून घेतल्या होत्या आणि डबी तिथेच ठेवून दिली होती. मुलगी मला पोहोचवायला मागोमाग आली होती. तिने मांडणीकडे पाहिले, एक शब्दही बोलली नाही, "येते हं काकू" म्हणून आत निघून गेली. मी ती डबी उचलून आणली. आत्ता ती माझ्यासमोर आहे.

तळहाताएवढी, बिजागरीच्या झाकणाची ही डबी आहे. तिला मोरपिशी रंग दिला आहे आणि झाकणावर प्राजक्ताची फुले काढली आहेत. प्राजक्ताची पाकळी सरळ नसते, ती भिंगरीसारखी किंचित वळलेली असते, हे त्या मुलीने पाहून काढले आहे. एक फूल उताणे पडले आहे आणि त्याचा नारिंगी देठ झाकणाच्या कडेवरून खाली उतरला आहे. झाकण जिथे खालच्या भागावर बसते, ती अर्ध्या बोटाची पट्टी तिने मुद्दाम कोरी सोडली आहे, कारण तिथे रंग लागला तर झाकण अडकते आणि दोन दिवसांत रंगाचे पोपडे निघतात. हे कुणी तिला शिकवले असेल किंवा पाच-सहा डब्या बिघडवून ती स्वतः शिकली असेल. ज्या बाईंनी ही डबी मांडणीवर ठेवली, त्यांनी तिच्याकडे पाव मिनिट तरी पाहिले होते का?

मला हे इतके का लागले, त्याला कारण आहे. माझे लग्न १९८८ साली झाले. तेव्हा आहेर म्हणजे स्टीलची भांडी, आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव, तारीख आणि 'सप्रेम भेट' अशी अक्षरे टोचून घातलेली असायची. माझ्या आत्याजवळ भांडे घेण्याइतके पैसे नव्हते. ती तिशीच्या आतच विधवा झाली होती आणि लोकांचे शिवणकाम करत आमच्याच घरी राहत होती. तिने आजोबांची तपकिरीची रिकामी डबी घेतली, मुठीत मावेल एवढी, गोल. स्वतःच्या लग्नातली खणाची चोळी, जी तिला घालायची बंदी झाल्यापासून ट्रंकेत पडून होती, तिचा तुकडा कापून तिने त्या डबीला मैद्याच्या खळीने चिकटवला. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातले. आत दोन सुया, पांढऱ्या आणि काळ्या दोऱ्याची एकेक गुंडी, चार हूक आणि सहा बटणे ठेवली. (आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो पाहायला आत्या राहिली नाही.) मांडवात आहेर मांडताना कुणीतरी म्हणाले, "आहेरात तपकिरीची डबी!" आणि माणसे हसली. मी बावीस वर्षांची होते. मला इतकी लाज वाटली की ती डबी मी उचलून साड्यांच्या घडीखाली ढकलली. आत्या समोरच उभी होती. आज त्या मुलीने मांडणीकडे जसे पाहिले, तसेच आत्याने तेव्हा माझ्या हाताकडे पाहिले होते.

'भंगार' हा शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतो, त्यांना अशी एक डबी सजवायला काय लागते ते सांगायला हवे. मी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे आणि कागदावर रंग भरणाऱ्या मुलांना पत्र्यावर रंगवायला दिले की कसे रडू कोसळते ते पाहिले आहे. पत्रा रंग शोषून घेत नाही. त्याच्यावर तेलकटपणा असतो, आधीच्या छपाईचा गुळगुळीत थर असतो, त्यामुळे पाण्यातला रंग लावला की तो थेंबाथेंबाने गोळा होऊन बाजूला सरकतो. आधी लेबलाचा चिकटा खोबरेल तेलाने काढायचा, मग गरम पाण्याने आणि साबणाने डबी धुऊन उन्हात खडखडीत वाळवायची, मग बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायची. हात हलकाच हवा. कारण हा पत्रा म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यावर दिलेला कथलाचा मुलामा असतो. पूर्वी गल्लीत येणारा कल्हईवाला नवसागर टाकून पितळेच्या पातेल्याला कल्हई करायचा, त्या कल्हईतलेच हे कथील. मुलामा शाबूत आहे तोवर लोखंड सुरक्षित राहते. पण तो एकदा ओरखडला की नेमक्या त्या ओरखड्यातून गंज धरतो, आणि रंगाखालून वर येतो. घासून झाले की प्रायमरचा हात, तो वाळला की रंगाचे दोन हात, त्यावर चित्र, आणि शेवटी वार्निशचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. आतून रंगवायचे नाही, कारण आत खायचे ठेवायचे असते, आणि जुन्या, डाग देऊन (म्हणजे सोल्डरने) जोडलेल्या डब्यांत तर खायचे ठेवायचेच नाही, कारण त्या डागात शिसे असू शकते. पत्र्याची कड धारदार असेल तर कानशीने मारून घ्यायची. आता हे सगळे २६ वेळा करा, शाळा आणि क्लास सांभाळून करा, आणि मग मला भंगाराचा अर्थ सांगा.

मान्य आहे, सजवलेल्या सगळ्याच डब्या घरात ठेवण्यासारख्या नसतात. न धुता, न घासता वरून चमकी ओतली आणि लेस चिकटवली की झाली भेट, असे समजणारेही असतात, आणि त्यांची चमकी आठ दिवस फरशीवरून निघत नाही. घरे लहान झाली आहेत, वस्तू ठेवायला जागा नाही, हेही खरे. पण त्याच घरांत मागच्या पाच संक्रांतींच्या प्लास्टिकच्या वाट्या, साबणदाण्या आणि गाळण्या जागा अडवून बसलेल्या आहेत. कुणी दिल्या ते कुणाला आठवत नाही, तरी त्या ठेवून घेतल्या जातात, कारण त्या दुकानातून आल्या आहेत. दुकानातून आलेल्या दहा रुपयांच्या वाटीला मान आणि हाताने केलेल्या वस्तूला मांडणीची फळी, हा न्याय मला समजत नाही.

आणि आपण कोल्हापूरचे लोक आहोत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे किती पेटून उठलो होतो ते आठवा. कारागिराच्या हाताचा मान, २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन, कातड्याची वेणी हाताने कशी घालतात, सगळे आपण एकमेकांना भरभरून लिहून पाठवत होतो. मीही लिहिले होते. ज्या बाई आज 'भंगार' म्हणाल्या त्यांनीही लिहिले होते, मला चांगले आठवते. बाबूराव पेंटरांच्या या गावाला आपण अभिमानाने कलापूर म्हणतो. सावंतवाडीला फिरायला गेलो की रंगवलेल्या पेटीतला गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, संच दाखवून मुलांना म्हणतो, बघा, हातचे काम आहे. मग आपल्याच जिन्यातल्या मुलीच्या हातचे काम आपल्याला का दिसत नाही? दूरच्या कारागिराचा मान राखणे सोपे असते, कारण त्याचा पडलेला चेहरा आपल्याला पाहावा लागत नाही. मी आज तो चेहरा पाहिला आणि म्हणून मला राग आवरत नाही.

माझ्या आहेरातली भांडी कुठे गेली ते मला सांगता येणार नाही. काही मोडीत गेली, काही बोहारणीला दिली, दोन-चार माळ्यावर असतील. आत्याची डबी मात्र लग्नानंतर पंधरा दिवसांतच साड्यांखालून बाहेर आली. सासरी पाहुणे येण्याच्या वेळी ब्लाउजचा हूक तुटला आणि नव्या घरात सुई कुणाकडे मागायची, हे मला कळेना. त्या दिवशी मी ती डबी पहिल्यांदा नीट पाहिली. लाल खणावरची बारीक नक्षी तिने झाकणावरून खाली इतकी बेताने उतरवली होती की झाकण लावल्यावर वरची आणि खालची नक्षी सलग दिसायची. पुढे माझ्या मुलाच्या गणवेशाची बटणे, सासूबाईंच्या चष्म्याचा स्क्रू, दुधाचे दात, सगळे त्या डबीत राहून गेले. आत्याला मात्र मी कधी म्हटले नाही की तुझी डबी मी रोज वापरते. सांगू सांगू म्हणत राहिले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात शिरले. आठ दिवस आम्ही नातेवाइकांकडे होतो. परत आलो तेव्हा कपाटाची दारे फुगली होती आणि खालच्या खणात गाळ बसला होता. त्या गाळात डबी सापडली. मैद्याची खळच ती, पाण्यात विरघळून गेली होती, आणि मी डबी उचलली तसा खण सालीसारखा सुटून माझ्या हातात आला. खाली उघडा पत्रा होता आणि झाकणावर माझे नाव होते. आत्याने खण चिकटवण्याआधी ते सुईने ओरखडून घातले होते. पत्र्याचा मुलामा नेमका त्या रेघांत तुटला होता आणि आठ दिवसांच्या पाण्याने तेवढ्याच रेघांना गंज धरला होता, त्यामुळे राखाडी पत्र्यावर तांबूस अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. सगळ्यांनी भांड्यांवर स्वतःची नावे घातली होती आणि आत्याने डबीवर माझे घातले होते, तेही माहेरचे, जे लग्नात ताटभर तांदळात अंगठी फिरवून बदलले गेले होते. ३१ वर्षे ते खणाखाली होते. तोवर आत्याला जाऊन बरीच वर्षे झाली होती. मी गाळात उकिडवी बसून रडले आणि घरच्यांना वाटले की मी कपाटासाठी रडते आहे.

तो खण मी धुऊन, सावलीत वाळवून ठेवला आहे, पण डबीला परत चिकटवलेला नाही. गंज पुढे सरकू नये म्हणून नावावर वार्निशचा एक हात दिला आहे.

लिहिता लिहिता माझा राग थोडा उतरला आहे. ज्या बाईंनी डबी मांडणीवर ठेवली त्या वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. मीही एकदा तेच केले आहे आणि तेव्हा मी वाईट नव्हते, अविचारी होते. उद्या सकाळी मी वर जाऊन त्या मुलीला सांगणार आहे की तुझ्या देठांचा नारिंगी रंग फार सुरेख उतरला आहे, आणि झाकणाची कड कोरी सोडलीस ते मी पाहिले. हे मी उद्याच सांगणार आहे. तिला हवा असेल तर खणाचा तो तुकडाही दाखवीन, नक्षी कशी जुळवायची ते तिला त्यावरून कळेल.

आणि ज्यांची डबी राहिली आहे त्यांच्यासाठी: ती माझ्याकडे आहे, पहिल्या मजल्यावर, डावीकडचे दार. आतला तिळाचा भुगा पुसून ठेवला आहे. रथसप्तमीपर्यंत केव्हाही येऊन घेऊन जा, मी एका शब्दाने काही विचारणार नाही. त्यानंतर मात्र तिच्यात मी माझी बटणे ठेवणार आहे.